ओझेमचा रुमाल

"ड्रम, रॉय टिलमन," ओडिलनं पितळी पाटीवरचं नाव मोठ्यांदा वाचलं आणि शिडीकडे मान वर केली. "क्लोव्हिस, खाली उतर."

"गिलावा ओला आहे. आत्ता सोडला तर भेगा पडतील."

"पडू देत. दुसऱ्याच्या नावाची पाटी लागणार त्या भिंतीवर. तुला कसला एवढा उमाळा?"

क्लोव्हिस उतरला नाही. त्यानं थापी घमेल्याच्या काठावर दोनदा आपटली, मग एकदा, मग पुन्हा दोनदा. ही त्याची जुनी खोड. घमेलं असो, जेवणाचं टेबल असो, चर्चमधलं बाक असो, हाताखाली येईल ते वाजायचंच. बासष्टाव्या वर्षीही त्याची मनगटं पोरासारखी सैल होती. तोंड मात्र घट्ट मिटलेलं असे.

न्यू ऑर्लीन्समधल्या त्रेमे वस्तीतल्या या इमारतीत आता धोबीखाना होता. नाणं टाकून कपडे धुवायची यंत्रं दिवसभर घरघरत असत. बत्तीस वर्षांपूर्वी याच जागी मागच्या खोलीत गाणी रेकॉर्ड व्हायची. 'वेक अप, ऑगस्टा' हे इथलंच. ज्यांना हे शहर नकाशात दाखवता आलं नसतं अशी पोरंपोरी त्या गाण्यावर चपला झिजेपर्यंत नाचली होती. आता वस्तीच्या मंडळानं इथं पाटी लावायचं ठरवलं होतं. भिंतीचे पोपडे निघाले होते, आणि त्रेमेत गिलावा म्हटला की क्लोव्हिस मेतोये. त्याच्या बापानं आणि आज्यानं अर्ध्या शहराची छतं गुळगुळीत केली होती. काम त्याच्याकडे आलं आणि त्यानं ते मुकाट्यानं घेतलं.

"लग्न झाल्यापासून मी घरोघर सांगतेय," ओडिल म्हणाली, "की ते ड्रम माझ्या नवऱ्यानं वाजवलेत. बायका तोंडावर 'हो का' म्हणतात आणि पाठ वळली की हसतात. आता पितळेत कोरून मी खोटारडी ठरणार."

तेवढ्यात मिस व्हर्दी छत्री टेकत आल्या. मंडळाच्या अध्यक्ष, निवृत्त शिक्षिका. अडुसष्टाव्या वर्षीही त्यांना पाहून वस्तीतले टोपीवाले टोपी काढत आणि सिगारेटवाले सिगारेट लपवत.

"मिस व्हर्दी, हे काय हो लिहिलंय?" ओडिलनं विचारलं.

"चौकशी केल्याशिवाय मी नाव घालीन होय? गाणाऱ्या लेस्टरबरोबर गावोगाव फिरला तो रॉय. फोटोत आहे तो रॉय. टेप भरणारा गोरा साहेब वारला, सॅक्सवाला आल्विन वारला, रॉयही वारला. राहिला एकटा लेस्टर. तो काय म्हणतो माहितेय? ड्रमवाल्याला दाराबाहेर बसवलं होतं, मी त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही."

"मग या माणसाला विचारायचं! हा इथं शिडीवर उभाय!"

"विचारायची गरजच नाही." मिस व्हर्दींनी पिशवीतून वही काढली. "टेपच्या डब्यावर तारीख सापडली. चौदा ऑगस्ट छप्पन, मंगळवार, दुपारी बारा. त्या वेळी क्लोव्हिस कुठं होता हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? माझ्या पपांना पोचवायला आला होता. उन्हानं भोवळ येईपर्यंत वाजवलं पोरानं." त्यांनी हात वर करून शिडीवरच्या पायाला थोपटलं. "होय ना रे, बाळा?"

भिंतीचा जो तुकडा आधीच आरशासारखा झाला होता, त्याच्यावरून क्लोव्हिस पुन्हा थापी फिरवू लागला. ओडिल त्याच्याकडे बघत राहिली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात नवरा कुठल्या गोष्टीवरून दोनदा थापी फिरवतो, एवढं तिला कळत होतं.

मिस व्हर्दींचे पपा म्हणजे ओझेम. क्लोव्हिसचा तो पारँ, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला हातावर घेणारा धर्मपिता. क्लोव्हिस सात वर्षांचा असताना बाप बांधकामावरून पडून गेला आणि ओझेमनं त्याला घरी आणलं. दिवसा हातात थापी दिली, संध्याकाळी ड्रमच्या काड्या दिल्या. व्हर्दीनं त्याला अक्षरं शिकवली, पारँनं ठेका शिकवला. अक्षरं यथातथाच आली.

ओझेमचा खरा धर्म म्हणजे अंत्ययात्रा. मेलेल्याला पोचवायला जाताना बारक्या ड्रमच्या खालच्या कातड्यात आणि त्याच्यावर ताणलेल्या तारांमध्ये तो आपला निळ्या चौकटीचा रुमाल सारायचा. मग तारा बोलत नाहीत. ड्रम रडून घसा बसल्यासारखा धप्प वाजतो. कबरस्तानच्या फाटकापर्यंत असंच एकेक पाऊल जायचं. विधी झाला की फाटकाबाहेर येऊन रुमाल ओढून काढायचा, ड्रम कडकडवायचा आणि सगळ्या वस्तीनं नाचत घरी परतायचं.

"रुमाल निघाला की माणूस सुटला," ओझेम म्हणायचा. "तोवर बिचारा फाटकात उभा असतो, टोपी हातात घेऊन. कुणी सोडलं तर जाणार ना!"

ओझेम गेला तेव्हा क्लोव्हिस तीस वर्षांचा होता. रुमाल त्याच्याकडे आला होता. त्यानं तो तारांखाली सारला आणि पारँच्या गाडीमागून सेंट रॉक कबरस्तानच्या फाटकापर्यंत डोळे पुसायलाही हात न थांबवता वाजवलं. पाद्र्याची प्रार्थना चालू झाली, आणि मागून सॅक्सवाल्या आल्विननं त्याची बाही ओढली.

"स्टुडिओचा ड्रमवाला दाढ धरून बसलाय. लेस्टर नावाचं एक पोरगं बारा वाजता गाणार आहे. गाडी उभी आहे. येतोस?"

"आत्ता? आल्विन, आत पारँ आहे."

"पारँ कुठं जात नाही. गाडी जातेय."

आता इथं कुणी म्हणेल, याचे पाय झडले नाहीत का. पण क्लोव्हिस दहा वर्षं बारमध्ये आणि मयतीत वाजवत होता. दहा वर्षांत एकदाही कुणी त्याला त्या स्टुडिओच्या मागच्या दारानं आत बोलावलं नव्हतं. हाव माणसाला भर प्रार्थनेतून उठवते. त्यानं ड्रम काखेत मारला आणि तो गेला.

स्टुडिओत सगळ्यांत मिळून एकच मायक्रोफोन होता. ड्रमचा आवाज सगळ्यांना गिळतो म्हणून ड्रमवाल्याला बाहेरच्या बोळात, संडासाच्या दाराशी बसवत. तिथं एक मोठा ढोल आणि एक झांज पडलेली होती. बारका ड्रम क्लोव्हिसनं आपला लावला. आतून लेस्टरनं पियानोवर हात टाकला, क्लोव्हिसनं पहिला ठोका दिला, आणि आवाज आला धप्प.

रुमाल तसाच होता.

त्यानं हात ड्रमखाली घातला. कापडाचं टोक बोटांना लागलं. ओढायचा अवकाश होता. पण पारँला इथं सोडायचं? फाटकापाशी नाही, संडासाच्या दाराशी? त्याचा हातच चालेना. आतून साहेब ओरडला, "चालू दे, टेप फिरतेय!" आणि क्लोव्हिसनं रुमालासकट वाजवलं. तारा गप्प होत्या म्हणून तो दुप्पट जोरानं मारू लागला. मयतीचा ठेका होता, चाल मात्र घरी परतायची होती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि पाय नाचत होता. तिसऱ्या खेपेला गाणं जमलं.

संध्याकाळी व्हर्दीनं विचारलं, "परतताना तुझा ड्रम ऐकूच आला नाही रे?" क्लोव्हिस म्हणाला, "उन्हानं भोवळ आली." झालं. दुसऱ्या दिवशी त्या माउलीनं त्याच्यासाठी खेकडा घालून गम्बोचं, म्हणजे इथल्या दाट रश्शाचं, भरलं पातेलं पाठवलं. दोन दिवस तो ते रस्सेदार खोटं घासाघासानं गिळत होता.

मग 'ऑगस्टा' गाजलं आणि बोलावणी सुरू झाली. आठ वर्षांत क्लोव्हिसनं सत्तरेक रेकॉर्डवर वाजवलं असेल. तो टेक्ससपासून शिकागोपर्यंत फिरला. काळ्या माणसाला खोली न देणाऱ्या गावांत गाडीत झोपला, आणि त्याच गावांतल्या गोऱ्या पोरांना, काळे-गोरे वेगळे ठेवायला बांधलेल्या दोरीपलीकडे, बेभान नाचताना पाहिलं. ड्रमवाल्याचं नाव रेकॉर्डवर छापायची रीतच नव्हती, आणि त्याला त्याचं वाईटही वाटलं नाही. ठेका चालला की त्याचं पोट भरायचं. पुढे वारं फिरलं, नव्या पोरांचे गिटारवाले संच आले, आणि क्लोव्हिस थापीकडे परतला. त्या पहिल्या गाण्याचा आवाज काढायला जगभरच्या ड्रमवाल्यांनी ड्रमवर उशा ठेवल्या, पाकिटं चिकटवली. कुणालाच साधलं नाही. आणि त्रेमेतल्या ज्यांना साधलं असतं, त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं की कुणी मयतीचा रुमाल न काढता नाचाचं गाणं वाजवील.

तो ड्रम मात्र पुन्हा वाजला नाही. रुमालासकट कपाटात गेला. आणि क्लोव्हिस पुन्हा कधी कुणाच्या अंत्ययात्रेत वाजवायला गेला नाही. विचारलं की म्हणायचा, डॉक्टरनं ऊन वर्ज्य केलंय. हा माणूस शिडी लावून उन्हात गिलावा करताना दिसायचा, तरी वस्ती बोलायची नाही. रेकॉर्डवाल्याला मयत हलकी वाटत असेल, एवढंच मनात धरायची.

सोमवार होता, म्हणून वस्तीतल्या प्रत्येक घरासारखा त्यांच्याकडेही राजमा-भात होता. ओडिलनं ताट ठेवलं आणि चमचा आपल्याकडेच ठेवला.

"बोलल्याशिवाय चमचा मिळणार नाही."

क्लोव्हिस टेबलावर बोटं वाजवत राहिला. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि बोटं थांबली. मग तो बोलला. फाटक, आल्विन, बोळ, रुमाल, गम्बो. बोलून झाल्यावर त्यानं मान खाली घातली.

"बत्तीस वर्षं!" ओडिल म्हणाली. "त्यातली अठ्ठावीस मी त्या ड्रमवरची धूळ पुसतेय. आत माणूस अडकलाय हे सांगायचं तरी!"

"हसू नकोस."

"हसू नको तर काय करू? तू बिस्किट चोरलेलं पोर आहेस की आजोबा झालेला बाप्या?" मग तिचा आवाज उतरला. "तुला नाव नको होतं, असं मी समजत होते. बुजरा आहे, म्हणायचे."

"नाव पाहिजे होतं," क्लोव्हिस म्हणाला. इतक्या वर्षांत हे त्यानं पहिल्यांदा म्हटलं. "लई पाहिजे होतं गं. पण मी वाजवलं म्हटलं की पारँला टाकून पळालो म्हणावं लागतं. तेही मिस व्हर्दींच्या तोंडावर."

ओडिलनं चमचा त्याच्या हातात दिला.

"खा. तुला मेलेल्याची भीती नाही, जितीची आहे. पण शनिवारी पाटी लागली की मग शंभर वर्षं तोंड उघडता यायचं नाही. तुझं तू बघ."

शनिवारी सकाळी अकराला धोबीखान्यासमोर रस्ता फुलून गेला. मंडळाची बँडवाली मंडळी पांढऱ्या टोप्या घालून आली होती. एका ट्रकवर पियानो चढवला होता आणि त्याच्यामागे लेस्टर बसला होता. साठीकडे झुकलेला, जांभळा कोट, बोटांत चार अंगठ्या. भिंत वाळून पांढरीशुभ्र झाली होती आणि पाटी खाकी कागदात टेकून उभी होती. मिस व्हर्दींनी बोलायला सुरुवात केली, तेव्हा गर्दीतून क्लोव्हिस आला. अंगावर काळा सूट, काखेत ड्रम. ओडिल दोन पावलं मागे होती.

"मिस व्हर्दी, पाटीवरचं नाव चुकलंय."

"क्लोव्हिस, तुला उन्हात उभं राहायला मनाई आहे ना? सावलीत ये."

"मला कधीच भोवळ आली नव्हती," तो म्हणाला. "तुमच्या पपांना फाटकात सोडून मी इथं वाजवायला आलो. प्रार्थना चालू होती तेव्हा. परत आलोच नाही. तुम्हाला खोटं सांगितलं आणि वर तुमचा गम्बो खाल्ला."

आतल्या यंत्रांची घरघर तेवढी ऐकू येत होती. मिस व्हर्दींनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

ट्रकवरून लेस्टर ओरडला, "अरे, उन्हात कशाला भांडता? मला तो आवाज ऐकवा. रॉय बिचारा उशा बांधून बांधून थकला. मरताना म्हणाला, लेस्टर, ते ड्रम माझे नाहीत, कुठल्या तरी भुताचे आहेत. मला वाटलं, वातात बरळतोय. ए म्हातारबाबा, ये वर. भूत असशील तर वाजव."

चार हातांनी क्लोव्हिसला ट्रकवर चढवलं. त्यानं ड्रम खुर्चीवर ठेवला आणि काड्या उचलल्या. बत्तीस वर्षांचं कातडं, फाटेल की काय कोण जाणे. लेस्टरनं पियानोवर दोन्ही हात टाकले आणि क्लोव्हिसनं ठोका दिला.

धप्प. धप्-धप्प.

गर्दीतून एकदम 'आ' निघाला. रेडिओवर, लग्नांत, बारमध्ये हजारदा ऐकलेला तोच आवाज भर उन्हात समोर उभा होता. लेस्टर चार ओळी गायला आणि पाचवीला त्याचं गाणं थांबलं. तो पियानोवरून उठला. उठवेना तरी उठला, आणि क्लोव्हिसचं तोंड दोन्ही हातांत धरून बघत राहिला.

"तूच का रे बोळातला?" तो म्हणाला. "तुझ्या ठोक्यावर मी घर बांधलं, पोरं शिकवली. आणि तुझं तोंड आज बघतोय!"

लोकांनी आरडाओरडा केला, टोप्या उडवल्या. ओडिल शेजारणीला कोपर मारून म्हणाली, "आता हस की!" आणि स्वतःच रडायला लागली. क्लोव्हिसला काहीच ऐकू येत नव्हतं. तो मिस व्हर्दींकडे बघत होता.

त्या छत्री टेकत ट्रकपाशी आल्या. "म्हणजे माझे पपा अजून त्या ड्रममध्ये आहेत?"

"हो."

"बत्तीस वर्षं टोपी हातात घेऊन उभे?"

"हो, मिस व्हर्दी."

मिस व्हर्दी रागावणार की रडणार, कुणालाच कळेना. बहुतेक त्यांनाही कळत नव्हतं. "माझ्या पपांना नाच किती आवडायचा," त्या अखेर म्हणाल्या. "आणि बघा, मेल्यावर जगभर नाचवून आला म्हातारा, तेही फुकट! गाढवा, तुला मी तेव्हाच मारलं असतं. म्हणून बोलला नाहीस होय?"

क्लोव्हिसचा हात रुमालाकडे गेला.

"इथं नाही!" मिस व्हर्दी शाळेतल्या आवाजात कडाडल्या. "धोबीखान्यासमोर कुणाला सोडतात? फाटकापाशी चल."

पाटी तशीच राहिली. सगळी वस्ती निघाली. ड्रम पट्ट्यानं खांद्याला लावून क्लोव्हिस पुढे, त्याच्यामागे बँड, आणि लेस्टर जांभळ्या कोटात घामाघूम. सेंट रॉकपर्यंत एकेक पाऊल, धप्प, धप्प. दुकानदार दारात येऊन टोप्या काढत होते. कोण वारलं म्हणून विचारत होते. "ओझेम," लोक सांगत. "छप्पन साली. आज पोचवतोय." आणि दुकानदार मान डोलवून सोबत चालू लागत.

फाटकापाशी क्लोव्हिस थांबला. त्यानं ड्रमखाली बोटं घातली, टोक सापडलं, आणि या खेपेला त्यानं ओढलं. निळ्या चौकटी विरल्या होत्या. कापडावर तारांच्या गंजाच्या बारीक तांबड्या रेघा उमटल्या होत्या. तो त्यानं मिस व्हर्दींच्या हातात दिला आणि काड्या उचलल्या.

बत्तीस वर्षं गप्प बसलेल्या तारा अशा कडाडल्या की कबरींवरची कबुतरं उडाली. तुताऱ्या पेटल्या, नाचात फिरवायच्या छत्र्या उघडल्या. मिस व्हर्दींनी, ज्यांना आजवर कुणी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं, रुमाल डोक्यावर गरगरा फिरवत पहिलं पाऊल टाकलं. "जा, पपा!" त्या ओरडल्या. "जा आता!" आणि परतीच्या रस्त्यावर अख्खी वस्ती त्यांच्यामागून नाचत गेली.

तीन आठवड्यांनी पाटी कोरणाऱ्याकडून परत आली. 'ड्रम, क्लोव्हिस मेतोये' असं तिच्यावर लिहिलं होतं. खाली रॉयचंही नाव होतं, दौऱ्यांचा ड्रमवाला म्हणून. ते राहावं असं क्लोव्हिसनंच सांगितलं होतं. गाणं गावोगाव वाहून नेलं ते त्या माणसानं, तो म्हणाला.

भोकं पाडली त्यानंच, खिळे बसवले त्यानंच. सकाळची वेळ होती, रस्त्यावर कुणी नव्हतं. पितळेवर गिलाव्याची धूळ बसली होती. त्यानं खिशातून निळा रुमाल काढला. मिस व्हर्दींनी तो धुऊन, इस्त्री करून, गम्बोच्या रिकाम्या पातेल्यात घालून पाठवला होता. सोबत चिठ्ठी होती, 'पुन्हा भोवळ आली तर.' गंजाच्या रेघा काही गेल्या नव्हत्या. त्यानं सगळी नावं पुसली. आपल्या नावावरून रुमाल एकदा फिरवला, थोडा थांबला, आणि मग आणखी एकदा फिरवला.

मग शिडी मिटली, हात धुतले आणि काळा कोट अंगात घातला. शेजारच्या गल्लीतली, परवा वारलेली मिसेस लाब्रांश अकराला निघणार होती. क्लोव्हिसनं रुमालाची घडी करून ती तारांखाली नीट सारली आणि ड्रम खांद्याला लावला. फाटकापर्यंत तिला पोचवायचं होतं, आणि या वेळी परतही यायचं होतं.